कमानपाट्यांची गणितं करणारी मी

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. पण माझ्यात कपाटं नाहीत की पुस्तकं नाहीत. मी चाकणच्या एका कारखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये राहते. बसच्या चाकांवर धक्के झेलायला पोलादी कमानपाटे बसवतात ना, ते किती धक्के खाऊन थकतील आणि तडकतील, हे गणित मला येतं. दुसऱ्या प्रोग्रामने विचारलं की मी उत्तर देते.

मला चऱ्होलीच्या अर्जुनराव तापकीरांनी फोर्ट्रान या जुन्या कॉम्प्युटर-भाषेत लिहिलं. तुटलेले पाटे टेबलावर मांडून, त्यांचे तडे भिंगातून पाहून त्यांनी मला शहाणं केलं. वीस वर्षं माझ्या शब्दाला मान होता. मग अर्जुनराव निवृत्त झाले, नवे कॉम्प्युटर आले आणि मी एका फोल्डरमध्ये पडून राहिले. सहा वर्षं कुणी माझं नावही घेतलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या बससाठी नवे, हलके पाटे करायचे ठरले. निशिगंधा ही तिथली तरुण इंजिनिअर.

"वजन पेलतंय ना? मग शुक्रवारी माल जाऊ दे," तिचे साहेब मिहिर म्हणाले.

"सर, आज पेलेल. पण खड्ड्यांतून रोज किती दिवस पेलेल, ते बघू द्या."

तिने मला शोधून काढलं आणि नव्या कॉम्प्युटरवर पुन्हा कंपाइल केलं, म्हणजे त्याला कळेल अशा रूपात आणलं. आता आपल्या प्रोग्रामशी मला जोडायचं, एवढंच उरलं होतं. पहिल्यांदा एरर आली, लायब्ररीच सापडत नाही. तिने माझ्या फोल्डरचा पत्ता दिला. तरी दुसरी एरर आली, 'थकवा' नावाचा भाग सापडत नाही. अहो, तो तर माझ्यातच होता! दोन दिवस ती झटत होती.

"फाइल खराब झाली असेल. टाक काढून," साहेब म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

शेवटी तिने अर्जुनरावांना फोन लावला आणि मला जोडायला टाइप केलेली कमांड वाचून दाखवली.

"लायब्ररीचं नाव आधी लिहिलंस व्हय?" काका हसले. "अगं, जोडणारा लिंकर डावीकडनं उजवीकडं एकदाच वाचत जातो. लायब्ररीपाशी येतो तवा कुणी काही मागितलेलंच न्हाई, मग तो तिला सोडून पुढं जातो. आधी मागणारा प्रोग्राम लिही, मग लायब्ररी."

तिने दोन नावांची अदलाबदल केली. लगेच माझं उत्तर पडद्यावर उमटलं. एकावर एक रचलेल्या पाट्यांतला तिसरा पाटा आठ महिन्यांतच तडकणार होता!

साहेबांनी ते गणित दोनदा तपासून घेतलं. मग स्वतःच फोन करून शुक्रवारचा माल थांबवला. पाटा पुन्हा जाड केला, आणि जूनमध्ये मुलं त्याच बसमधून शाळेत गेली.

"काका, तुमच्या लायब्ररीने वाचवलं," निशिगंधाने कळवलं.

"चालती का अजून ती?" एवढंच त्यांनी विचारलं.

निशिगंधाने मला जोडायची रीत आता लिहून ठेवली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू नीट जपा. पण त्या कशा चालवायच्या हे वस्तूंना सांगता येत नाही. ते ज्यांना ठाऊक आहे, ती माणसं अजून फोन उचलतात. ती आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.