निळ्या कूपेचं डावं दार

मर्व्ह डॅलोवर माझा संशय बसला तो त्याच्या एका मागणीमुळे. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबाला वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर मूळ रंगातली गाडी हवी होती, आणि फोटो मी काढणार होते. मर्व्हची एकोणसत्तर सालची फिकी निळी, दोन दारांची कूपे म्हणजे साऱ्या भागात एकुलती एक. कारखान्यातून आली तोच रंग आहे, असं तो शपथेवर सांगायचा. फोटो मात्र त्याला जुन्या फिल्मसारखे पिवळट हवे होते.

तशा छटेत काय वाटेल ते झाकता येतं. मी काही दूधखुळी नाही. त्याला हो म्हटलं आणि गाडीपुढे रंग जुळवायचं करडं कार्ड ठेवून खरे रंग नोंदवून घेतले.

जुलैची थंडी हाडात शिरत होती. मर्व्ह चहा घेऊन आला आणि मला न्याहाळत राहिला.

"आज लाल कोट का गं? तुम्ही फोटोवाले तर काळ्यात येता, मयताला आल्यासारखे."

काळा धुवायला टाकलाय, म्हटलं. म्हातारा माझं लक्ष दुसरीकडे वळवतोय, असंच मला वाटलं.

घरी खऱ्या रंगात फोटो उघडले आणि चोर सापडला. डाव्या दाराचा खालचा भाग जांभळट होता. म्हणजे दार नंतर रंगवलेलं. मी क्लबाला कळवलं, गाडी मुखपृष्ठासाठीच्या यादीतून गेली. मर्व्ह विचारायला आला तेव्हा त्याला पडद्यावर दार दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, लग्नातला बायकोचा, एनिडचा, आणि गाडीचा फोटो पिवळा पडलाय, त्याच्या शेजारी शोभावा म्हणून तसा रंग मागितला होता. एनिड जाऊन दोन वर्षं झाली होती. मला ती थाप वाटली.

तीन आठवड्यांनी तोच लाल कोट घालून एका चंदेरी गाडीचे फोटो काढले. तिच्याही दारावर लालसर डाग. मर्व्हचा फोटो मोठा करून पाहिला, तर डागाच्या मधोमध कॅमेरा धरून मीच उभी होते.

तशीच त्याच्याकडे गेले. गॅरेजमध्ये ताज्या रंगाचा वास येत होता.

"दार मूळचंच होतं, मर्व्ह. माझ्या लाल कोटाचं प्रतिबिंब पडलं होतं. माझं चुकलं."

त्याने नव्याने रंगवलेल्या, चकचकीत दारावर हात ठेवला.

"तू दाखवलंस, मग मलाही तसंच दिसायला लागलं. वाटलं, एनिडनेच कुठेतरी ठोकली असेल आणि मला न सांगता रंगवून घेतली असेल. म्हणून परवा दाराचा सगळा रंग खरवडून नवा दिला. पन्नास वर्षांत तिच्यावर पहिल्यांदा संशय घेतला गं मी."