चुन्याची रेघ

वर्ध्याच्या पोलीस मैदानावर एका खांबाला सरकी भरलेलं पोतं बांधलेलं असे. माणसाएवढं उंच, आणि कमरेच्या जागी चुन्याची आडवी रेघ. हवालदार प्रभाकरराव आम्हा शिपायांना धावत आणायचे आणि ओरडायचे, "रेघेच्या खाली! वर लागली त्याचं जेवण बंद!" महिनाभरात हात असा बसला की डोळे मिटून फिरवली तरी काठी गुडघ्यावरच जाई.

"बंदुकीनं माणूस मरते," प्रभाकरराव सांगत. "काठीनं नुसता लंगडते. चार दिवस हळद लावते अन् कामाले लागते."

मला ते पटलं होतं.

चोपन्न सालच्या हिवाळ्यात आर्वीच्या एका कापसाच्या जिनात संप झाला. शोभाबाई नावाच्या मजुरणीची बोटं सरकी काढायच्या रेच्यात गेली आणि मालकाने तिलाच कामावरून काढलं. तिला परत घ्या, एवढंच मागणं. नवव्या दिवशी प्रभाकररावांसकट आम्हाला पुलगावहून छोट्या रेल्वेगाडीने तिथे नेलं.

माझी धाकटी बहीण कोकिळा आर्वीतच दिलेली. तिचा नवरा तानबा त्याच जिनात रुईच्या गठाणी बांधायचा आणि संपात सगळ्यांच्या पुढे होता. संध्याकाळी मी खाकी कपड्यातच तिच्या घरी भाकर खायला गेलो.

"या सरकार," तानबा म्हणाला. "काठी भाईर ठेवा. कोंबड्या भेतात."

"जवाईबुवा, उद्या मस्करी नाई," मी म्हणालो. "साहेबाचा हुकूम झाला तर काठी चालन."

कोकिळाने तव्यावरची भाकर तशीच सोडली. "मंग दादा, यायले घरी बसव ना. तुयं ऐकतात."

"मी घरी बसलो तर शोभाबाईकडे कोन्त्या तोंडानं पाहू?" तानबा म्हणाला.

तेव्हा मी ते बोललो. "मंग असं करजा. काठी उगारली की खाली बसून जाजा. आमाले कमरेखाली माराचा हुकूम हाये. बसल्यावर पाय मांडीखाली. माराले जागाच राहत नाई."

तानबा हसला. "म्हंजे कायद्यानंच वाचलो! बसाचं तर आमाले येतेच. बेचाळीसात सेवाग्रामच्या पोरायनं शिकवलं."

"काई होणार नाई ना, दादा?" कोकिळाने विचारलं.

"मी सांगून राह्यलो ना," मी म्हणालो, आणि दुसरी भाकर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनाच्या फाटकासमोर दोनेकशे माणसं होती. बायका एका अंगाला. साहेबाने दोनदा हटायला सांगितलं. मागून एक धोंडा आला आणि साहेबाच्या जीपची काच फुटली. शिट्टी वाजली. आम्ही बारा जण रांगेने धावलो.

मागचे पळाले. पुढचे चाळीसेक जण एकदम खाली बसले. तानबाने सगळ्यांना माझा सल्ला सांगितला होता. मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, पंगतीला बसावं तसे बसले.

माझी काठी फिरली. गुडघ्याच्याच उंचीवर फिरली. ती एका म्हाताऱ्याच्या जबड्यावर बसली. हाताला पोत्याचं मऊपण लागायची सवय, तिथे कडक लागलं, आणि आतून काहीतरी मोडल्याचं मनगटापर्यंत कळलं. त्याने तोंडाला हात लावला. ओंजळीत दोन दात आणि रक्त. तो माझ्याकडे बघत राहिला.

मी थांबलो. बाकीचे थांबले नव्हते. ज्वारीच्या ताटांवर विळा चालावा तशा काठ्या त्या रांगेवर चालल्या होत्या. कान फाटले, कपाळं उलली. सगळ्यांची नजर समोर फाटकावर, हात आपोआप रेघेखाली. एका पोराने डोक्यावर हात घेतले तर बोटांसकट डोकं फुटलं. बायका किंचाळत होत्या. रुईचे पुंजके रक्ताला चिकटत होते.

आणि त्या सगळ्यात तानबा ओरडत होता, "बसा! कोनी उठू नका! बसलेल्याले मारत नाईत!"

काही जण उठायला लागले होते. त्याचं ऐकून ते परत बसले.

"उठा!" मी बोंबललो. "जवाईबुवा, उठा! पळा!"

त्याने ऐकलं. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठी, जसं काही मी त्याला वेगळाच कोणी वाटलो. एक हात जमिनीला टेकून तो उठायला लागला, आणि प्रभाकररावांच्या काठीचं लोखंडी कड्याचं टोक त्याच्या कानाच्या वर बसलं. नारळ पायरीवर आपटावा तसा आवाज झाला. तो कुशीवर पडला. पाय थोडा वेळ माती खरडत राहिले. मग तेही थांबले.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. साहेबाने एकेकाला एकच विचारलं, काठी किती उंचीवर मारली? प्रभाकरराव म्हणाले, गुडघ्याएवढी. सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

"गुडघ्याएवढीच, साहेब," मी म्हणालो. "पण तितं मानसाचं डोकं होतं. डोकं तितं ठेवाले मीच सांगतलं होतं."

मुन्शीची लेखणी थांबली. साहेब म्हणाला, "विचारलं तेवढंच लिहा." शाईची डबी माझ्यापुढे सरकली. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. पण बाकीच्यांच्या कागदांवर जेवढी ओळ होती, तेवढीच माझ्याही कागदावर दिसत होती. मी एवढं बोललो होतो, ते एका ओळीत कसं मावलं?

"मायं बोलनं यात नाई," मी म्हणालो आणि अंगठा दिला नाही. त्याच आठवड्यात पट्टा आणि काठी जमा करून घेतली.

मी कोकिळाकडे गेलो. तिला सगळं सांगितलं. अंगठा दिला नाही तेही. ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"त्या दिवशी मी बायकायत होती, दादा," ती म्हणाली. "तू उठा म्हनलास ते मीबी आयकलं. आता सांग, त्यायनं कोनाचं आयकाचं होतं? चुलीपाशी बोलला त्याचं, का फाटकापाशी बोलला त्याचं?"

  मी उंबऱ्यावर टेकायला गेलो.

"बसू नको," ती म्हणाली. "उभा राह्य."