शालीची घडी

विजयसिंह सरांचा हिशेब सरळ होता: सशाचा पाय लाल दिसला की प्राचार्यपद त्यांचं. ते द्यायचं बापूसाहेबांनी. इंदापूर रस्त्यावरचं फार्मसी कॉलेज त्यांच्याच संस्थेचं. शिवाय या संशोधनात त्यांचा स्वतःचा पाय अडकलेला. शुगर जुनी, तंबाखू त्याहून जुनी. जरा चाललं की पोटरी धरायची. बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्तवाहिनी तुंबलीय, वेळेत उघडून घ्या. बापूसाहेब निवडणुकीला भीत नसत, सुरीला भीत.

सर सशाच्या मागच्या एका पायाची रक्तवाहिनी बांधत आणि त्याला उसाच्या मळीचा अर्क पाजत; अर्कानं नव्या रक्तवाहिन्या फुटतात, असा त्यांचा दावा. रक्त पोचतंय का, ते लेझरचा कॅमेरा दाखवी: वाहतं तिथं लाल, अडतं तिथं निळं.

दाखवायचा दिवस ठरला, आणि आपल्याकडं दाखवायचं म्हटलं की सत्कार आलाच. भूल दिलेला ससा टेबलावर. पाहुण्यांसाठी एसी जोरात. सशाखालच्या गरम गादीचा प्लग काढून तिथं माइक लावलेला. बापूसाहेबांना शाल मिळाली, भाषणं लांबली. शेजारी पडलेल्या सशाची त्यांना कणव आली. "गारठलंय की बिचारं," म्हणत त्यांनी शाल पुढं केली. घडी मोडायला मात्र जिवावर आलं. घडीच ठेवली, आपल्या बाजूच्या पायावर. नेमका बांधलेला पाय तो.

शाल काढून कॅमेरा लावला. बांधलेला पाय लाल, धडधाकट पाय निळा. टाळ्या पडल्या. चांगला पाय निळा का, हे एकानंही विचारलं नाही.

यंत्र चालवणारी संशोधक विद्यार्थिनी उत्कर्षा सरांच्या कानाशी म्हणाली, "सर, ही शालीची ऊब आहे, दुसरा पाय गारठ्यानं निळा. गादी लावून परत बघू."

"तुझ्या प्रबंधावर सही कुणाची लागते?" सरांनी हसऱ्या चेहऱ्यानंच विचारलं.

उत्कर्षानं परत बघितलं, ते खिडकीबाहेर.

बापूसाहेबांनी अर्काची बाटली मागितली. माणसाला द्यायची परवानगी सरांना नव्हती. प्राचार्य करायचा अधिकार बापूसाहेबांना होता. बाटली गेली.

घरी बापूसाहेबांच्या पत्नी द्वारकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवो, ससा तंबाखू मळतो व्हय?"

"तुला त्यातलं काय कळतंय? म्या डोळ्यानं बघितलंय."

"मग त्याच डोळ्यानं पायाचा अंगठा बघा. काळा पडलाय."

डॉक्टरांची तारीख दर वेळी पुढं ढकलली गेली. दिवाळीला अंगठा गेला, संक्रांतीला गुडघ्याखालचा पाय. प्राचार्य विजयसिंह दवाखान्यात हार घेऊन आले आणि डोस कमी पडला असावा, असं म्हणाले. उत्कर्षाच्या प्रबंधावर सही झाली. सशाला पाय तपासण्यासाठी कधीच मारलं होतं; त्यात नवी रक्तवाहिनी एकही सापडली नाही, आणि ते फोटो कपाटात गेले.

तर भरलं कुणी? सशानं जीव, बापूसाहेबांनी पाय. उरलेलं द्वारकाबाई भरतात, रोज सकाळी, त्यांना खांद्यावर तोलून मोरीपर्यंत नेताना.