बाबांच्या नावाचा फोन

माझी आई, सुमित्रा, आयुष्यात कधी स्वतःचं तिकीट काढून कुठे गेली नव्हती. तिकिटं बाबांच्या खिशात असायची. बाबा, एकनाथ, सांगलीच्या एस.टी. डेपोत कंट्रोलर होते. स्वित्झर्लंडमध्ये आगगाडी, बस आणि बोट एकमेकींसाठी थांबतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "रिटायर झालो की डोळ्यांनी बघून येणार," म्हणायचे. रिटायर झाले आणि वर्षभरात गेले.

म्हणून शहाऐंशीच्या उन्हाळ्यात अमेरिकेत वेस्ट विंडसरला आमच्याकडे येताना आईने वाटेत स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेनला एकटीने उतरायचं ठरवलं, तेव्हा मी फोनवर ओरडलेच. "आई, तुला तिथली भाषा येत नाही. हरवलीस तर?"

"तुमच्या अमेरिकेत मी घरात बसून हरवते," ती म्हणाली. "मीठ संपलं तरी श्रीरंगराव गाडी काढेपर्यंत वाट बघायची. तिथे एक पास घेतला की गाडी, बस, बोट सगळीकडे चालतो म्हणे."

श्रीरंग, माझा नवरा, लगेच तिच्या बाजूला. फोनची युक्तीही त्याचीच. तेव्हा आपले सगळेच लोक ती करायचे. ऑपरेटरला सांगायचं, अमुक माणसाशीच बोलायचंय. इकडच्याने म्हणायचं, तो घरी नाही. पैसे पडत नाहीत, निरोप मात्र पोचतो. रोज संध्याकाळी हॉटेलवर परतली की आईने फोन करायचा. हेमचंद्रमामाला विचारलं तर समजायचं, काहीतरी बिघडलंय. मामा जन्मभर अडचणीत असायचा, त्यामुळे नाव शोभून दिसलं. सुखरूप असली तर कुणाला विचारायचं, ते आईने स्वतःच ठरवलं.

"ह्यांना," ती म्हणाली.

मला ते मुळीच आवडलं नाही, पण आईपुढे कोणाचं काय चालणार?

पहिला फोन रविवारी आला. तो श्रीरंगने घेतला. "मिस्टर एकनाथ? ते बाहेर गेलेत," त्याने सहज सांगून टाकलं. पुढचे दोन मी घेतले. तिथली संध्याकाळ म्हणजे आमची दुपार, त्यामुळे लंच अवरमध्ये मी लॅबमधून ड्राइव्ह करून घरी यायचे. ऑपरेटर बाई विचारायची, मिस्टर एकनाथ आहेत का? मी म्हणायचे, नाहीत. मग सँडविच तसंच ठेवून परत लॅबला जायचे.

बुधवारी फोन वाजलाच नाही.

मी आधी चिडते आणि मग घाबरते, हा माझा ठरलेला क्रम. तास गेला तसं लॅबला कळवलं की येत नाही. शेवटी साडेतीनला सरळ हॉटेललाच फोन लावला. मालकीण मोडक्या इंग्रजीत म्हणाली, मॅडम सकाळी ब्रिएन्झच्या तळ्याकडे गेल्या, अजून आल्या नाहीत. इथे अंगणात लख्ख ऊन होतं. तिथे आता काळोख पडत असणार. मी श्रीरंगला ऑफिसात गाठलं.

"येईल गं ती, यार. वरी नको करूस."

"मला यार म्हणू नकोस! तळ्यात पडली असेल ती!"

फोन आपटला. लोकांच्या देशात, लोकांच्या तळ्यावर, साठीची बाई. मी तिला जाऊच का दिलं? बाबांवरही राग आला. गेले ते गेले, वर हे वेड तिच्या गळ्यात बांधून गेले.

आणि फोन वाजला. ऑपरेटर नेहमीचं वाक्य सावकाश म्हणू लागली. मी डोळे मिटून म्हणत होते, मामा नको, मामा नको.

"...मिस्टर एकनाथ."

हसू की रडू तेच कळेना. आता 'नाहीत' म्हणायचं होतं, पण तो शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

"मी बोलते. कनेक्ट करा," मी म्हटलं.

"अगं मृणाल, घेतलास कशाला? पैसे पडतील!" आईचा आवाज ठणठणीत होता.

"पडू देत! होतीस कुठे?"

"बोटीत. तळ्यावर वादळ झालं बघ. एका गावाच्या धक्क्याला बोट किती तरी वेळ बांधून ठेवली, आणि मग म्हणाले, पुढे जाणार नाही, उतरा. काळोख. कोणाला काही विचारायची सोय नाही. म्हटलं, सुमित्राबाई, संपलं आता. तर धक्क्यावर पिवळी बस उभी! दिवे लावून. मी पास दाखवला, ड्रायव्हरने मान हलवली, आणि आणून सोडलं मला." मग हळूच म्हणाली, "बोटीसाठी थांबली होती गं बस. ह्यांना खोटं वाटायचं."

मी खुर्ची ओढून बसले.

"उद्या मात्र फोन घेऊ नकोस," ती म्हणाली. "आणि ते 'नाहीत' असं तोडून सांगू नकोस. मला इकडे सगळं ऐकू येतं. श्रीरंगराव म्हणाले होते ना, बाहेर गेलेत म्हणून? ते ऐकून बरं वाटलं होतं मला."

दुसऱ्या दिवशी फोन अगदी वेळेवर आला. मिस्टर एकनाथ आहेत का?

"बाहेर गेलेत," मी म्हटलं. "बस बघायला."

ऑपरेटर गोंधळली असावी. तिच्या पलीकडे आई हसली, आणि फोन बंद झाला.