फडक्याचं माप

शरणप्पा ड्रायव्हरचे दोन हात दोन माणसांचे वाटायचे. उजवा काळा, राकट, तळव्याच्या रेघारेघांत ग्रीस मुरलेलं. डावा मात्र स्वच्छ. वीस वर्षं मोटार हाकून त्यांनी डाव्या तळव्याला काळा डाग लागू दिला नव्हता. रोज पहाटे आंघोळ करून ते गळ्यातलं इष्टलिंग काढायचे, डाव्या तळव्यावर ठेवायचे आणि उजव्या हातानं पाणी, विभूती, बेल वाहायचे. लिंग बसतं तो हात तेलकट कसा चालेल? म्हणून गेरच्या दांड्यावरचा लाकडी गोळा त्यांनी जुन्या पंच्याच्या फडक्यात गुंडाळून सुतळीनं आवळून बांधला होता. दर सोमवारी त्यांची बायको इरम्मा ते सोडून धुवायची आणि दुसरं बांधून द्यायची.

त्यांचा मुलगा पंचाक्षरी हे फडकं लहानपणापासून बघत आला होता. घराच्या उंबऱ्याकडं आपण जितकं बघतो, तितकंच.

हे घर मूळचं अणदूरचं, पण मोटारीपायी तुळजापुरात आलेलं. मोटार आण्णासाहेबांची होती. पंधरा वर्षांची, उघड्या बाजूंची, कापडी टपाची. तुळजापुरातनं निघायची, घाट उतरायची, करोडगिरीच्या नाक्यावर निजामाच्या शिपायांना गाठोडी उघडून दाखवायची आणि इंग्रजी हद्दीत शिरून सोलापूर गाठायची. लढाईचं चौथं वर्ष होतं. नवा सुटा भाग कुठंच मिळत नव्हता. गेरचा दांडा ज्या वाटीत फिरतो ती वाटी झिजून गेली होती. दांडा ढिला झाला होता, आणि तिसरा गेर मधेच निसटायचा. शरणप्पा तो गुडघ्यानं दाबून धरायचे. दांडा लांबलचक, दर वेळी वाकून तो पुढं ढकलायचा, मागं ओढायचा. त्यात त्यांचा डावा खांदा गेला होता. जेवताना पाण्याचा तांब्या उचलतानासुद्धा ते ओठ आवळायचे.

माघात आण्णासाहेब दारात येऊन उभे राहिले.

"शरणप्पा, मागल्या हप्त्यात नाक्याजवळ मोटारीला कसा हिसका बसला, कळलं मला."

"गेर निसटला, आण्णासाहेब."

"गेर निसटला का हात निसटला? मी काय वैरी न्हाय तुमचा. चैतात येडाईची यात्रा आहे, मोटार गच्च भरणार. तवर बघतो. न्हायतर नळदुर्गचा एक गडी हाय नजरेत."

ते गेल्यावर शरणप्पा अंगणात गेले. मोटारीचा पत्रा त्यांनी दोनदा पुसला.

पंचाक्षरी सोलापुरात मॅट्रिक झाला होता आणि गिरणीच्या कारखान्यात लेथवर काम करत होता. आप्पांनी त्याला शिकवलं ते लोकांची थट्टा सोसून. "ड्रायव्हरचं पोरगं, हाकू दे की मोटार," असं म्हणणारे पुष्कळ होते. आप्पांच्या हातून मोटार सुटली तर आप्पा बसून खचतील, हे त्याला दिसत होतं. त्यानं आठ दिवसांची रजा काढली.

तो मापं घेणारा माणूस. दांडा खोलून त्यानं आधी वहीत काढला. वरचा गोळा ते खालची वाटी, सव्वीस इंच. वाटीतली झीज, दोन सूत. मग त्यानं सरकीच्या वखारीतला स्प्रिंगचा काटा मागून आणला, दांड्याच्या टोकाला अडकवला आणि ओढून बघितला. गेर पडायला साडेचार शेरांचा जोर लागत होता.

"दांडा तोकडा केला, तर तुम्हाला वाकायला नको, आप्पा. हात जागचा हलायला नको. पण तरफ आखूड झाली की जोर वाढतो. साडेसहा शेर लागंल."

"लागू दे की. माझ्या पंजात जोर हाय. दुखतो त्यो खांदा."

"बघू. ओढा."

आप्पांनी काट्याचा आकडा डाव्या मुठीत धरून ओढला. काटा दहा शेरांवर गेला. पंचाक्षरीनं ते लिहून घेतलं. इरम्मा चुलीपुढून म्हणाली, "पोराला मॅट्रिक केलं आन् आता बापाला सरकीगत तोलतंय!"

"तोलू दे गं," शरणप्पा हसले. "लई दिसांनी कुणी माझा भाव काढतंय."

सोलापूरच्या भंगारातून पंचाक्षरीनं पोलाद निवडलं. लेथवर दांड्याच्या खालच्या टोकाचा नवा गोळा कातला, त्याला बेतून नवी वाटी केली, खाली कडक स्प्रिंग घातली. दांडा एकोणीस इंचांचा, ड्रायव्हरच्या बाजूला किंचित वाकवलेला. वर एका मोडीत निघालेल्या मोटारीचा काळा, गुळगुळीत, काचेसारखा चमकणारा गोळा बसवला. दांडा वर निमुळता होत त्या गोळ्यात असा मिसळला होता, की जोड बोटाला लागत नव्हता. हे मिसळणं त्याला फार आवडलं. त्यावर त्यानं एक आख्खी दुपार घालवली होती.

रविवारी दांडा बसला. जुन्या गोळ्यावरचं फडकं इरम्मानं सोडून धुतलं होतं. ते भिंतीवर वाळत होतं. पेट्रोलचं कूपन मोजकं, म्हणून सपाट रस्त्यावर तीन मैल जाऊन यायचं ठरलं. आप्पांनी उघड्या हातानं दांडा धरला. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यात टाकून त्यांनी गुडघा बाजूला घेतला आणि वाट बघितली. गेर निसटला नाही.

"पंचू," ते म्हणाले. त्यांनी गेर काढून परत टाकला. मग, "लोण्यात सुरी जावी तसा पडतोय रं. खांद्याला कळतसुदिक न्हाय."

घरी येऊन त्यांनी डावा हात राखेनं चोळून चोळून धुतला.

सोमवारी सकाळी पूजा उरकून ते फडकं बांधायला बसले. सुतळी आवळायला गोळ्याखाली मानच नव्हती. दोनदा बांधलं, दोनदा वर सरकून निघालं. पंचाक्षरी तेव्हा पाठमोरा, चाकात हवा भरत होता. आप्पांनी त्याला हाक मारली नाही. पोरानं आठ दिवस राबून केलेल्या कामात खोट कशाला काढायची, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी फडक्याची घडी करून तळव्यातच धरली आणि मोटार काढली. मागं दोन उतारू होते, पुढच्या जागेवर टपालाची थैली.

घाटाच्या तोंडाशी तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागतं. त्या मोटारीत ते एका क्षणाचं काम असे. गेर मोकळा करायचा, इंजिनाला जरा वेग द्यायचा आणि नेमका दांडा पुढं सारायचा. शरणप्पांनी दांडा मोकळा केला, वेग दिला, आणि साडेसहा शेरांचा जोर लावला. गुळगुळीत गोळ्यावरून फडकं निसटलं, हात पुढं गेला, दांडा मधेच राहिला.

क्षण गेला. मोटार मोकळी सुटली. त्यांनी फडकं टाकून उघड्या हातानं दांडा पकडला, पण आता चाकांचा वेग वाढला होता. गेरचे दात नुसते करकरले. ब्रेक जळाल्याचा वास आला. उजवीकडं दरी, डावीकडं डोंगर. शरणप्पांनी मोटार डोंगरावर घातली.

उतारूंना खरचटलं, तेवढंच. डोंगराकडच्या चरीत चाक जाऊन मोटार डाव्या कुशीवर कलली, तसे शरणप्पा घसरले. आधाराला त्यांनी डावा हात बाहेर टेकला, आणि मोटारीचा काठ त्या हातावर आला.

सोलापूरच्या दवाखान्यात मनगटाच्या वरून हात काढावा लागला.

पंचाक्षरी घाटात जाऊन आला. मोटारीचा टप फाटला होता, दिवा फुटला होता. दांड्याला ओरखडाही नव्हता. त्यानं तो धरून दुसऱ्यात टाकून बघितला. पडला. तिसऱ्यात. पडला. मग बैठकीखाली त्याला फडकं दिसलं. घडी तशीच होती. त्यानं ते गोळ्यावर धरलं आणि दांडा ढकलला. हात सरकला. त्यानं परत ढकललं. परत सरकला. किती वेळ तो असं करत होता, ते मोटार ओढायला आलेल्या बैलगाडीवाल्यानं पाहिलं. त्यानं हाक मारली नाही.

चैतात मोटार पुन्हा सुरू झाली. नळदुर्गचा गडी आला होता. एकदा तो दारावरून जाताना ओरडून म्हणाला, "उस्ताद, असा गेर आख्ख्या मुलखात न्हाय बघा!" पंचाक्षरी आत निघून गेला.

शरणप्पा घरी आल्यावर पहिला प्रश्न पूजेचा होता. मठातल्या स्वामींनी सांगितलं, उजव्या तळव्यावर लिंग धरा. पण मग पाणी कुणी वाहायचं, बेल कुणी वाहायचा? स्वामींनी पंचाक्षरीकडं बघितलं.

पहिल्या दिवशी शरणप्पांनी पंचाक्षरीकडून उजवा तळवा राखेनं घासून घेतला. मग लिंबानं. मग चिंचेनं. कातडं लाल झालं, रेघा काळ्याच राहिल्या.

"पुरं," ते म्हणाले. "त्यात इंजिन मुरलंय."

इरम्मानं गळ्यातलं लिंग काढून दिलं. काळ्या रेघांच्या तळव्यावर ते बसलं. पंचाक्षरीनं पाण्याची गडवी उचलली, पण पाणी घालीना.

"आप्पा, मी सगळ्याचं माप घेतलं. फडक्याचं तेवढं घेतलं नाही."

शरणप्पांनी डोळे उघडले नाहीत.

"म्या तरी कुठं हाक मारली तुला?" ते म्हणाले. "घाल पाणी. हळू. लई नगं."

त्यानं धार धरली. पाणी लिंगावरून उतरलं, रेघांमध्ये साठलं आणि बोटांच्या फटींतून खाली गळत राहिलं. उरलेला डावा हात अंगरख्याच्या बाहीत होता. बाहीचं टोक इरम्मानं दुमडून त्याच फडक्याच्या पट्टीनं बांधलं होतं. आवळून, पक्कं.