चोवीस मागांचा आवाज

सुषमानं डबा ओट्यावर ठेवला आणि दुसऱ्यांदा हाक मारली.

"आबा, जेवी ल्या."

तिचा बाप दगा यंत्रमागाच्या कारखान्याच्या दाराशी, अनवाणी पाय फरशीवर टेकवून बसला होता. त्याची मान वळली नाही. आत चोवीस माग खडखडत असताना हाक कुठली ऐकू येणार, असं म्हणत ती समोर येऊन बसली. तेव्हा कुठे तो हसला आणि त्यानं डबा उघडला.

ती पुण्याहून आठ दिवसांसाठी घरी, गोडादऱ्याच्या माग कामगारांच्या वस्तीत, आली होती. बॅगेत कपडे कमी, कागद जास्त. कागदांवर तिच्या पदार्थविज्ञानाच्या संशोधनातले शेकडो कण होते. प्रत्येकाचं बाकी सगळ्यांशी नातं, आणि कुणाचं कुणाशी कसं जुळेल याला धरबंध नाही. हे गणित सुटलं तर काही अजब धातूंचं कोडं उलगडणार होतं. त्या धातूंतून वीज वाहते, पण नेमकं कोण वाहून नेतं ते सांगता येत नाही. सुषमा दीड वर्ष एकेका कणाचा पिच्छा पुरवत होती आणि दर वेळी तो गर्दीत हरवत होता. महिनाअखेरपर्यंत वाट सापडली नाही तर विषय बदला, असं सरांनी बजावलं होतं. त्या विचारानंही तिला रडू यायचं.

घास तोंडाशी नेता नेता दगा थबकला. भाकरी डब्यात ठेवून आत गेला. सुषमा मागोमाग गेली. कोपऱ्यातला एक माग, आडवं सूत नेणारा धोटा अडकून, थांबला होता. दगानं तो चालू केला आणि परत येऊन जेवायला बसला.

"तो माग बंद पडना ते कसं समजनं, आबा?"

तिच्या ओठांकडे बघत तो म्हणाला, "एकना आवाज कोठे येस? चोवीसना मियीसन एकच येस. तो बदलना का उठानं. कोनता माग, ते मधमा जाईसन देखानं."

सुषमाला आपले कण आठवले. दीड वर्ष ती एकाच मागाला कान लावून बसली होती. तिला बापाचा विलक्षण अभिमान वाटला.

"तुमना कान भलता तेज शेतस, आबा."

दगानं आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं.

"कान कवयच गयात," तो कानाला हात लावून म्हणाला. मग अनवाणी तळवा थरथरत्या फरशीवर दाबला. "पायले समजस. शेठले सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जुने कागद बाजूला सारले आणि सगळ्या कणांचं मिळून एकच समीकरण मांडलं. दुपारी ते सुटायला लागलं. सुट्टीमुळे घरी असलेला दगा खिडकीशी पाठमोरा बसून दाढी करत होता. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि टाचेनं जमिनीवर दोनदा ठोकलं.

दगा वळला. क्षणभर तिच्या पायाकडे बघत राहिला.

"काय व?"

"वाट सापडनी, आबा," ती म्हणाली. सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट दिसेल असा.