पिवळ्या फितीचा बिल्ला

मी पिवळ्या फितीचा बिल्ला बोलतोय. माझा जन्मच मुळी संशयातून झाला. माणसांचा एकमेकांवर भरवसा असता, तर फाटकावर बिल्ले तपासायला कुणी बसलं नसतं आणि मला कुणी बनवलंही नसतं. त्यामुळे मी कुणाकडे सरळ नजरेने बघत नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

प्लास्टिकचा चौकोनी तुकडा, त्यावर ठळक अक्षरांत ‘इंटर्न’. बस्स. फोटोला जागा नाही, नावाला जागा नाही. दोन महिन्यांत गळा बदलणार, मग कशाला खर्च करायचा? कायमच्या लोकांचे बिल्ले निळ्या फितीचे असतात आणि त्यावर त्यांचे हसरे फोटो असतात. एरवी ही माणसं इतकी हसताना मी पाहिलेली नाहीत.

आमची कंपनी उंच इमारतींच्या लिफ्टची देखभाल करते. दर सुट्टीत बिझनेस शिकणारी मुलं इथे येतात, आणि त्यांच्यापैकी एकाच्या गळ्यात मी पडतो. एकाने दोन महिने नुसते रंगीत आलेख काढले. गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये तो एकदाही डोकावला नाही. एक मुलगी साहेबांच्या वाक्यावाक्याला मान डोलवायची, तेवढा मला झोका मिळायचा. शेवटच्या दिवशी सगळी म्हणतात, खूप शिकायला मिळालं. काय शिकलात म्हणून विचारलं, तर घड्याळाकडे बघतात. बाकीचे महिने मी फाटकावरच्या चौकीत खिळ्याला टांगलेला असतो.

मग बाई आल्या. शाळेत मुलांना शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. ती नोकरी सोडून, चाळिशीच्या उंबरठ्यावर, भाच्यांच्या वयाच्या मुलांशेजारी बसून त्या बिझनेसचं शिक्षण घेत होत्या. शाळेची सवय सुटेना, म्हणून इथेही सगळे त्यांना बाईच म्हणू लागले. मला मात्र यात पाणी मुरतंय असं वाटलं. चांगली कायमची नोकरी सोडून कुणी पिवळी फीत गळ्यात घालतं का? साहेबांनी पेरलेली असणार, असं मी ठरवून टाकलं.

एका संध्याकाळी मला परत करायचं विसरून त्या तशाच घरी गेल्या. जेवणाच्या टेबलाशी सासूबाई, नवरा आणि लेक बसले होते. लेकीने मला उलटसुलट करून पाहिलं आणि यावर तुझा फोटो का नाही, असं विचारलं. बाई म्हणाल्या, अजून परीक्षा चालू आहे. सासूबाईंनी वाढता वाढता विषय काढला. “शाळेतली तुझी जागा अजून भरली नाही म्हणे. मुख्याध्यापकांना एक फोन करून ठेव. पुढे खाली मान घालून जाण्यापेक्षा आत्ताच गेलेलं बरं.”

बाई म्हणाल्या, “मला निळी फीत मिळेपर्यंत थांबा.”

तेव्हा मला कळलं की यांना खरंच इथे राहायचंय. बाकीच्या कंपन्यांनी वय बघूनच दार लावून घेतलं होतं. पण गरजू माणूस तर जास्तच घातकी, असा मी लगेच हिशेब केला.

बाईंना काम दिलं होतं ते असं. कंपनीचा मेकॅनिक दर महिन्याला प्रत्येक मशीनरूममध्ये तपासणी करतो आणि तिथे उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो ऑफिसला पाठवतो. फोटो सगळे वेळेवर येत होते आणि तरी लिफ्ट बंद पडत होत्या. हे असं का, ते बाईंनी शोधायचं होतं.

स्टोअरच्या मागे मेकॅनिक लोकांचं चहाचं टेबल आहे. निळ्या फितीचा कुणी ऑफिसातला तिथे आला, की सगळे हवापाण्याच्या गप्पा मारू लागतात. बाई मात्र रोज जाऊन बसायच्या, स्वतःचा कप स्वतः विसळायच्या, आणि त्यांच्यासमोर लोक हळूहळू मोकळे झाले. त्याचं श्रेय माझ्या पिवळ्या फितीचं, हे मला पक्कं माहीत आहे. तुम्ही काय, दोन महिन्यांच्या पाहुण्या, असं त्यांतले सगळ्यांत जुने मेकॅनिक एकदा म्हणालेही होते. त्यांना सगळे मामा म्हणायचे.

याच मामांनी एके दिवशी आपली बॅग उघडून दाखवली. पाना, पक्कड, आणि खाली घड्या घातलेले तीन शर्ट.

“मशीनरूमची किल्ली इमारतीच्या मॅनेजरकडे असते,” मामा म्हणाले, “आणि तो कधी जागेवर नसतो. किती वेळ दारात उभं राहायचं? पुढच्या इमारती खोळंबतात. म्हणून किल्ली हाती आली, की तीन महिन्यांचे फोटो एका दमात काढून ठेवतो. शर्ट बदलला, की महिना बदलला.”

बाई पोट धरून हसल्या. त्यांच्या वर्गातली मुलं आठवड्याचं शुद्धलेखन एका बैठकीत लिहायची आणि संशय नको म्हणून मध्येच पेन बदलायची. पण मग हसू आवरून त्यांनी विचारलं, पुढच्या महिन्यात किल्ली मिळालीच नाही तर? मामांनी बॅग बंद केली. लिफ्टमध्ये उभं राहून आवाज ऐकतो, म्हणाले, वरचं वरच राहतं. मी मनात म्हटलं, लागला मासा गळाला. आता बाई हे नेऊन विकणार.

अहवाल देण्याच्या दिवशी साहेबांच्या खोलीत तिघेच होतो: साहेब, बाई आणि त्यांच्या छातीवर मी. अहवालात बाईंनी किल्लीची अडचण मांडली होती. करार करतानाच एक किल्ली कंपनीने मागून घ्यावी, असं सुचवलं होतं. आणि एक ओळ अशी होती, की फोटो आला म्हणजे तपासणी झाली असं धरू नये.

साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे कुणी सांगितलं?”

“ते नाही सांगणार.”

“तुम्हाला इथे नोकरी हवी आहे ना?”

“हवी आहे. खूप हवी आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचं काळीज इतकं धडधडत होतं, की मी जागेवर हलत होतो. “पण त्यांनी मला पाहुणी समजून सांगितलं. नाव मी घेणार नाही.”

साहेब हसले. अशीच विश्वासू माणसं आपल्याला हवीत, म्हणाले. बाईंच्या जिवात जीव आला. माझ्या नाही.

पुढच्याच आठवड्यात साहेब स्वतः जुने फोटो उघडून बसले. मामांच्या फोटोंत शर्ट तीन होते, पण मागच्या भिंतीवर पाल एकच होती; त्याच जागी, त्याच बाजूला शेपटी वळवलेली. मामांना लिफ्टवरून काढून स्टोअरमध्ये सुटे भाग पुसायला बसवलं. हे मला फाटकावरच्या चौकीदाराच्या तोंडून कळलं. त्याच दुपारी बाईंना निळी फीत मिळाली. किल्लीचं मात्र अजून ‘बघू’ चाललंय.

मला परत करताना बाईंनी रुमालाने पुसलं. घरी फोन झाला होता, लेकीला आता फोटो असलेला बिल्ला बघायला मिळणार होता. तेवढ्यात सुट्टी झाली आणि मामा समोरून आले. त्यांनी निळ्या फितीकडे पाहिलं.

“अभिनंदन, मॅडम.”

इतके दिवस ते बाई म्हणत होते.

“मामा, मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही.”

“मी कुठे काय म्हणालो?” असं म्हणून मामा निघून गेले.

आता रोज सकाळी मी हे बघतो. मेकॅनिक फाटकाशी बोलत उभे असतात, बाई दिसल्या की पांगतात. चहाच्या टेबलाशी त्या गेल्या की सगळ्यांना अचानक कामं आठवतात, असं चौकीदार सांगतो. परवा नवा इंटर्न आला, तेव्हा बाई त्याला न्यायला चौकीपर्यंत आल्या. म्हणाल्या, “लोक तुझ्याशी बोलतील, ते ऐकून घे. पण लिहिताना नाव गाळलं म्हणजे माणूस सुटला, असं समजू नकोस. मी तसं समजले.” मुलगा मान डोलवत होता. त्याला काही कळलं असेल, याची मला शंका आहे.

मला तर बाईंच्या अहवालातल्या त्या ओळीचीही शंका येते. तीच ओळ वाचून साहेब फोटोंपर्यंत पोचले, हे बाईंनाही ठाऊक आहे. म्हणून तर त्या मामांना अडवून पुन्हा काही सांगायला जात नाहीत.

पण नाव घेतलं नाही ते नाहीच. साहेब ते सांगणार नाहीत, बाईंनी सांगून कुणी मानणार नाही, आणि मी प्लास्टिकचा तुकडा. मामा रोज संध्याकाळी माझ्यासमोरून जातात. तुमच्यापैकी कुणाला भेटले, तर एवढं सांगा त्यांना. तुमच्यासाठी ती बाई नोकरीवर पाणी सोडायला निघाली होती, मामा. मी तिच्या छातीवर होतो.